घरातल्या चित्रासाठी बल्ब निवडताना: आधी रंग, वॅट शेवटी

साताऱ्यात राजपथावरच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘चित्रावर लावायला बल्ब द्या’ म्हणालात की काउंटरवरून दोन प्रश्न येतात. किती वॅटचा? आणि पांढरा की पिवळा? दुकानदाराचं काही चुकत नाही. त्याची बहुतेक गिऱ्हाइकं खोली उजळायलाच बल्ब नेतात. चित्रासाठी मात्र क्रम उलटा लागतो. चित्र कशावर आणि कशाने काढलंय, त्याला किती उजेड सोसेल, तो उजेड रंग खरे दाखवतो का, तो कुठून पडणार, आणि हे सगळं ठरलं की वॅट. खालच्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने एकही पायरी गाळू नये, कारण प्रत्येकीचं उत्तर पुढच्या पायरीत लागतं.

पायरी १: चित्र ओळखा

फ्रेम उतरवून चित्र मागून-पुढून नीट बघा. कॅनव्हासवरचं तैलरंग किंवा ॲक्रिलिक असेल तर ते उजेडाला बऱ्यापैकी दणकट असतं. कागदावरचं काहीही नाजूक समजायचं: जलरंग, शाई, पेस्टल, छापील चित्र, जुने फोटो. मेणवलीच्या घाटाचं किंवा अजिंक्यताऱ्याचं जलरंगातलं चित्र हौसेने विकत घेतलेलं असतं, ते याच गटात येतं. देवघराशेजारी पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली रविवर्मा प्रेसची चित्रंही याच गटात. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. त्याच्या छापांवर चकाकी असते, त्यामुळे पुष्कळ घरांत ‘आमच्याकडे मूळ तैलचित्र आहे’ असा समज असतो. भिंगातून बघितलं की छपाईचे बारीक ठिपके दिसतात. ठिपके दिसले की तो कागद आहे असं धरून चाला.

भिंतीवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. संग्रहालयांत साधारण पाळला जाणारा दंडक असा: कागदावरच्या चित्रांना आणि कापडाला ५० लक्स, तैलरंग आणि ॲक्रिलिकला १५० ते २०० लक्स. घरात इतकं काटेकोर राहता येत नाही, पण आकडे डोक्यात असू द्यावेत.

उजेडाने होणारं नुकसान साठत जातं, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. लक्स गुणिले तास, असा सरळ हिशेब आहे. २०० लक्सचा दिवा एक तास आणि ५० लक्सचा दिवा चार तास, चित्राच्या लेखी दोन्ही सारखेच. आणि उडालेला रंग परत येत नाही. हळदीत रंगवलेलं कापड उन्हात वाळत घातलं की काय होतं हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. शाईपेनं, स्केचपेनं आणि स्वस्त जलरंग यांतले काही रंग तितकेच कच्चे असतात. काही रंग फिके पडण्याऐवजी काळवंडतात; क्रोम यलो हा त्यातला नावाजलेला.

पायरी २: दिवसाचा उजेड आधी आवरा

बल्बच्या चर्चेत ही पायरी विचित्र वाटेल, पण खिडकीच्या तुलनेत बल्ब म्हणजे किरकोळ गुन्हेगार. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन आत येतं, ते पन्नास हजार लक्सच्या घरात सहज जातं. असं ऊन जलरंगावर एक तास पडलं, तर ५० लक्सच्या दिव्याखाली हजार तास ठेवल्याइतकं झालं. रोज संध्याकाळी पाच तास दिवा लावलात तर ते दोनशे दिवस होतात. म्हणजे एका दुपारी सहा-सात महिन्यांचा खर्च. शिवाय उन्हात अतिनील किरणं असतात, ती वेगळीच.

तेव्हा ज्या भिंतीवर वर्षातल्या कुठल्याही महिन्यात थेट ऊन येतं ती भिंत बाद करा, किंवा तिथे तैलचित्र लावून खिडकीला जाड पडदा लावा. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही बाद. साताऱ्याच्या पश्चिम भागात आणि महाबळेश्वरच्या बाजूला तर हे आधी बघावं. दुसरी भिंतच नसेल तर फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळती राहते आणि बुरशी लागत नाही.

उजेड वरून आणि तिरका यावा हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन या. १९३८ साली तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयाच्या इमारतीत नैसर्गिक उजेडाचा विचार केलेला आहे. ते स्वतः चित्रं काढत, म्हणून हे सुचलं असावं. राजा रविवर्म्याच्या मूळ तैलचित्रांसमोर दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे सरकून बघा. चकाकी कुठे येते, कुठे नाहीशी होते, हे तिथे दहा मिनिटांत कळतं. पाचव्या पायरीत याचाच उपयोग होईल.

पायरी ३: पांढरा की पिवळा

हा प्रश्न केल्विनमध्ये, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या मापात, विचारायचा. खोक्यावर आकडा असतो. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ३००० थोडा स्वच्छ पिवळसर, ४००० तटस्थ पांढरा, ६५०० निळसर पांढरा. दुकानात ‘व्हाइट’ मागितलं की बहुधा ६५०० हातात पडतो. कार्यालयात, स्वयंपाकघरात तो चालेल. चित्रावर तो लावू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याखाली तांबड्या मातीचा रंग राखेसारखा होतो, अंगाचा रंग आजारी दिसतो, आणि संध्याकाळच्या कमी उजेडात सगळं चित्रच उदास वाटतं.

नवख्याने ३००० घ्यावा आणि पुढे जावं. देवदेवतांची चित्रं, व्यक्तिचित्रं, वाड्यांची, बाजारांची चित्रं यांत तांबडा, पिवळा, तपकिरी जास्त असतो आणि त्यांना हा उजेड मानवतो. पावसाळी निसर्गचित्र, धरणाचं पाणी, कृष्णधवल फोटो असं काही असेल तर ४००० करून बघायला हरकत नाही. बटण दाबलं की तीन रंग बदलणारे दिवे मिळतात, ते या चाचणीला सोयीचे. पण पक्क्या कामाला एका रंगाचाच बल्ब घ्या.

एकाच खोलीत निरनिराळे केल्विन ठेवू नका. चित्रावर ३००० आणि छताला ६५०० ची ट्यूब असली की चित्र पिवळं पडल्यासारखं दिसतं आणि दोष बल्बला मिळतो.

पायरी ४: रंग खरे दिसतात का

सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि चित्रासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं हे शंभरपैकी माप. बाजारातला नेहमीचा एलईडी बल्ब ८० च्या आसपास असतो. चित्राला ९० किंवा त्याहून जास्त हवा. काउंटरवर नुसतं ‘चांगल्या कंपनीचा द्या’ म्हणून भागत नाही, कारण चांगल्या कंपन्याही ८० चेच बल्ब सगळ्यात जास्त विकतात. ‘सीआरआय नव्वद प्लस’ असं नेमकं मागा आणि खोक्यावर छापलेलं स्वतः वाचा. छापलेलं नसेल तर तो ८० चाच धरा. खोक्यावरचे तारे वीज किती वाचते ते सांगतात, रंगाशी त्यांचा संबंध नाही.

या आकड्यातही एक पळवाट आहे. तो काढताना आठ फिक्या रंगांची सरासरी घेतात आणि त्या आठांत गडद तांबडा नाही. तो नवव्या क्रमांकाचा, वेगळा मोजला जाणारा रंग. त्याला ‘आर ९’ म्हणतात. आणि एलईडीची दुखरी नस नेमकी तीच. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळा दिवा आणि त्यावर पिवळसर लेप. निळ्याची आणि पिवळ्याची बेरीज डोळ्याला पांढरी वाटते, पण त्या उजेडात खोल तांबडा फार कमी असतो. म्हणून सरासरीत पास झालेला बल्बही शालूचा किंवा कुंकवाचा रंग मारून टाकू शकतो. आर ९ पन्नासच्या वर असेल तर उत्तम. खोक्यावर तो बहुधा नसतो. कंपनीच्या माहितीपत्रकात कधीकधी सापडतो.

तोही न मिळाला तर घरची चाचणी करा. पांढऱ्या कागदावर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि एक विड्याचं पान ठेवा. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असं ते नीट बघून घ्या. रात्री बाकीचे दिवे बंद करून तोच कागद नव्या बल्बखाली धरा. कुंकू विटकरी किंवा तपकिरी दिसलं तर बल्ब परत. हळद हिरवट दिसली तरी परत. पान सकाळी दिसलं तितकंच जिवंत दिसायला हवं. शेजारी आपला तळहातही धरून बघा, कातडीचा रंग डोळ्याला चटकन कळतो. सांगलीकरांना हळदीचं वेगळं सांगायला नको. तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि हळदीच्या मार्केट यार्डात जाणाऱ्या माणसाची रंगाची नजर या कामी कुठल्याही यंत्राला हार जाणार नाही.

ही चाचणी दुकानात करू नका. तिथे दहा तऱ्हेचे दिवे एकदम चालू असतात. एकच बल्ब विकत घ्या, ‘पटला नाही तर बदलून द्याल ना?’ एवढं विचारून ठेवा आणि घरी बघा.

पायरी ५: उजेड कुठून पडणार

आपल्या घरांतला पिनवाला होल्डर, ज्याला खोक्यावर बी२२ म्हणतात, त्यात बसणारा गोल बल्ब चहूकडे उजेड फेकतो. चित्राला लागतो तो झोत. त्यासाठी स्पॉट घ्यावा. नवख्याला सोपा प्रकार म्हणजे जीयू१०. तो सरळ घरच्या विजेवर चालतो, फिरवून बसवायचा आणि खराब झाला की आपणच बदलायचा. त्याच्यासारखाच दिसणारा एमआर१६ बारा व्होल्टवर चालतो, त्याला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारी डबी, लागते. पीओपीच्या छतात बसवलेले अखंड सीओबी दिवे (एलईडी फिटिंगमध्येच पक्का बसवलेले) दिसायला सुबक असतात, पण आतला दिवा गेला की आख्खं फिटिंग बदलावं लागतं आणि तोच रंग पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

झोताची रुंदी अंशांत दिलेली असते. सहा फुटांवरून १५ अंशांचा झोत साधारण दीड फुटाचा गोल पाडतो, २४ अंशांचा अडीच फुटांचा, ३६ अंशांचा जवळजवळ चार फुटांचा, आणि ६० अंशांचा सात फुटांचा, म्हणजे अर्धी भिंत. झोत तिरका पडला की गोलाचा लांबट अंडाकार होतो. चित्रापेक्षा थोडा मोठा गोल निवडा. बहुतेक घरगुती चित्रांना २४ किंवा ३६ पुरतो.

आता जागा. भिंतीपासून उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन हा रुळलेला नियम. तो गणिताशिवाय असा वापरा: छताच्या उंचीतून चित्राच्या मध्याची उंची वजा करा आणि आलेल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, नेमकं ०.५८ पट, इतकं अंतर भिंतीपासून सोडा. चित्राचा मध्य डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे पाच फुटांवर धरला तर दहा फुटी छताला दिवा भिंतीपासून सुमारे तीन फुटांवर येतो, नऊ फुटी छताला सव्वादोन फुटांवर. जुन्या वाड्यात पाटण, म्हणजे लाकडी छत, आठच फुटांवर असेल तर पावणेदोन फुटांवर.

दिवा भिंतीच्या याहून जवळ आला तर फ्रेमची सावली चित्राच्या वरच्या भागावर पडते आणि कॅनव्हासचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. सुरीने थापलेल्या जाड रंगाच्या चित्राला मात्र हाच तिरपेपणा शोभतो, तिथे मुद्दाम थोडं जवळ आणावं. दिवा फार लांब नेला तर काचेत त्याचं प्रतिबिंब दिसतं, आणि बघणाऱ्याची सावलीही चित्रावर पडते.

भोक पाडण्याआधी टॉर्च वापरा. रात्री खोली अंधारी करा, एकाने शिडीवर चढून ठरलेल्या जागी टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने सोफ्यावर बसून, दारातून आणि चित्रासमोर उभं राहून बघायचं. काचेत टॉर्चचा डोळा दिसला तर अर्धा फूट इकडेतिकडे सरकवा. वायरमनला बोलावण्याआधी हे झालेलं असावं. तो आला की ‘कुठं मारू सांगा’ म्हणून ड्रिल हातात घेऊनच उभा राहतो आणि त्या घाईत जागा चुकते. भिंतीवर आणि छतावर पेन्सिलने खुणा करून ठेवा.

साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या घरांचं थोडं वेगळं आहे. पांढऱ्या मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, भुसभुशीत होऊन निघून येतो. दिवा भिंतीवर घेण्याऐवजी लाकडी तुळईला धरून छोटा ट्रॅक, म्हणजे दिवे अडकवायची पट्टी, लावा. स्क्रू लाकडात पक्का बसतो, वायर तुळईच्या कडेने पट्टीतून नेता येते आणि दिवे मागेपुढे सरकवता येतात. वाड्यातली जुनी वायरिंग मात्र आधी वायरमनकडून तपासून घ्या. कापडी आवरणाची वायर कुठे शिल्लक असेल तर चित्राचा विषय बाजूला ठेवून आधी ती काढा.

छताला हात लावायचाच नसेल तर फ्रेमच्या डोक्यावर बसणारा पितळी पिक्चर लाइट असतो. दिसायला भारदस्त, पण उंच चित्राचा खालचा भाग अंधारात ठेवतो. आडव्या, दोन फुटांपेक्षा कमी उंचीच्या चित्राला तो ठीक. त्याची लांबी चित्राच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडी जास्त असावी.

पायरी ६: आता वॅट

इथवर आलात तर लक्षात येईल की फार कमी वॅट लागतात. ५ वॅटच्या, ३६ अंशांच्या चांगल्या स्पॉटचा झोत मध्यभागी साधारण ८०० कँडेला (झोताच्या तीव्रतेचं माप) असतो. दहा फुटी छतावरून वरच्या नियमाने लावला तर चित्राचा मध्य त्याच्यापासून पावणेदोन मीटरवर येतो. अंतराच्या वर्गाने भागायचं, म्हणजे सुमारे २६०, आणि झोत तिरका पडतो म्हणून त्याचं निम्मं: १३० लक्स. तैलचित्राला एवढं पुष्कळ. जलरंगाला हेही जास्त. तिथे ३ वॅट घ्या किंवा डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारं बटण, लावा.

मोजून बघायचं तर फोनवर लक्स दाखवणारं ॲप टाका. फोनची पाठ चित्राला आणि पडदा खोलीकडे, असा धरा, कारण संवेदक पुढच्या कॅमेऱ्याशेजारी असतो. आकडा अंदाजेच असतो, पण ६० आणि ३०० मधला फरक नक्की कळतो. मध्याबरोबर चारही कोपरे मोजा. कोपऱ्यात मध्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी उजेड असेल तर झोत अरुंद पडतोय.

चित्र आसपासच्या भिंतीपेक्षा तिप्पट उजळ असलं की नजर आपोआप तिथे जाते. त्यासाठी चित्रावरचा दिवा वाढवण्यापेक्षा खोलीतली ट्यूब संध्याकाळी बंद ठेवणं स्वस्त आणि चित्राच्या हिताचं. विजेची चिंता नको: ५ वॅट, रोज पाच तास, महिन्याला पाऊण युनिट.

पायरी ७: खरेदी आणि जोडणी

खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, एलईडी बल्बसाठी मानक आहे आयएस १६१०२. बिल घ्या. डिमर लावणार असाल तर बल्बवर ‘डिमेबल’ लिहिलेलं हवं आणि डिमर एलईडीचाच हवा. घरात पडून असलेला पंख्याचा रेग्युलेटर जोडायचा मोह अनेकांना होतो. त्याने बल्ब लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर मरतो.

स्वस्त बल्ब डोळ्याला न कळेल असा सेकंदाला शंभर वेळा फडफडतो. फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावून बल्बकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब जिन्यात लावा.

जुने ५० वॅटचे हॅलोजन स्पॉट चित्रांवर असतील तर ते आधी काढा. रंग ते सुंदर दाखवतात यात वाद नाही, पण जवळून फार उष्णता देतात आणि थोडे अतिनील किरणही. एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच. तरीही एलईडी लावला म्हणून चित्र सुरक्षित, असं समजू नका. दिसणारा उजेडही रंग खातो. जलरंगाच्या दिव्याला स्वतंत्र बटण ठेवा आणि खोलीत कुणी नसेल तेव्हा तो बंद असू द्या. कागदावरची दोन-तीन चित्रं असतील तर ती आळीपाळीने लावा, चार महिने भिंतीवर आणि बाकीचा काळ कपाटात.

बल्ब घेताना लागतात त्याहून एक-दोन जादा घ्या, त्याच मॉडेलचे आणि त्याच वेळी. पुढच्या वर्षी तोच बल्ब घेतला तरी रंग किंचित वेगळा निघतो आणि शेजारीशेजारी दोन चित्रं असली की तो फरक लगेच दिसतो. जादा बल्ब खोक्यासकट ठेवा, कारण केल्विन, सीआरआय आणि अंश त्यावरच छापलेले असतात, आणि दुकानदाराला दाखवायला तेच लागतं.